अकरा यंत्रांची तीन: इलेक्ट्रॉनिक संगीताचा सेटअप आटोपशीर करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन वर्षांपूर्वी माझ्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या खोलीत अकरा यंत्रं होती, आता तीन आहेत. हे मित्रांत पसरल्यापासून तेच तेच प्रश्न येतात. कुणी व्हॉट्सॲपवर विचारतं, कुणी कॉलेज रोडला चहा पिताना, कुणी रात्री साडेअकराला फोन करून. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलं. मी दिवसभर अंबडच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम बघतो आणि संगीत रात्री नऊनंतर. तेव्हा सल्ला हौशी माणसाचा आहे. अर्थिंगबद्दल जे लिहिलंय ते मात्र पोटापाण्याच्या अनुभवातून आहे.

तीन कोणती उरली?

इलेक्ट्रॉन कंपनीचं डिजिटॅक्ट, कॉर्गचा व्होल्का कीज आणि आर्टुरियाचं ३२ पट्ट्यांचं कीस्टेप. पहिल्यात ताल, सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे) आणि सीक्वेन्सर (स्वरांचा क्रम लक्षात ठेवून वाजवणारा). दुसऱ्यात तीन स्वर एकत्र धरता येणारा ॲनालॉग सिंथ (सिंथेसायझर). तिसऱ्याला स्वतःचा आवाजच नाही, ते फक्त बोटांसाठी. कीस्टेपची मिडी केबल (आवाज नव्हे, कुठला स्वर कधी वाजवायचा ते सांगणारी) डिजिटॅक्टमध्ये, डिजिटॅक्टची व्होल्कात, व्होल्काचा आवाज परत डिजिटॅक्टच्या इनपुटमध्ये आणि तिथून स्पीकरला. सगळ्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर नाही.

हीच तीन घ्या असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे ग्रूव्हबॉक्स (डिजिटॅक्टसारखा ताल आणि सीक्वेन्सर एकत्र असलेला डबा) रोलंडचा असेल, नोव्हेशनचा असेल, काही बिघडत नाही. मांडणी बघा.

काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवलं कसं?

आधी वही घेऊन यादी केली, गुण दिले. त्या यादीचा उपयोग शून्य झाला, कारण कागदावर प्रत्येक यंत्र गुणी निघतं. आपल्या मुलाला कमी मार्क कोण देतं?

मग एका रविवारी टेबल पूर्ण रिकामं केलं. सगळी यंत्रं पलंगावर ठेवली, वर जुनी चादर टाकली आणि मी खाली गादी घालून झोपायला लागलो. नियम एकच: रात्री वाजवायला बसताना त्या रात्रीच्या कामाला लागेल तेवढंच चादरीखालून काढायचं आणि उठताना परत ठेवायचं. परत ठेवण्याचा कंटाळा हाच खरा परीक्षक. जे यंत्र काढून, वायरी जोडून, पुन्हा गुंडाळून ठेवण्याइतकं मोलाचं वाटत नाही, त्याकडे हात जातच नाही.

पाच आठवड्यांत सात यंत्रं चादरीखालून एकदाही बाहेर आली नाहीत. त्यात माझं सगळ्यात महागडं यंत्रही होतं. ते घेण्यासाठी मी एक अख्खा दिवाळी बोनस घातला होता आणि ते विकत आणल्याच्या दिवशी पाहुण्यांना पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. त्याच्यावर पूर्ण झालेलं गाणं? एकही नाही. सुरुवाती मात्र चाळीसच्या वर.

दुसरी फूटपट्टी कामाची. इलेक्ट्रॉनिक संगीतात कामं मोजकीच असतात: ठेका, खर्ज, चाल, मागे भरून राहणारा आवाज आणि सगळ्यांना एका लयीत धरणारं घड्याळ. प्रत्येक यंत्रावर चिठ्ठी लावून तुमच्या हातून ते कुठलं काम करतं ते लिहा. कंपनीच्या जाहिरातीत ते काय करू शकतं ते लिहायचं नाही. माझ्याकडे ‘ठेका’ असं लिहिलेल्या चार चिठ्ठ्या निघाल्या. चौघांपैकी तिघांकडून मला फक्त एकेक किक, म्हणजे ठेक्यातला जाड ठोका, आवडत होती. किकचा आवाज अर्ध्या सेकंदाचा. तीन किक सॅम्पल करून घ्यायला वीस मिनिटं लागली आणि तीन डबे मोकळे झाले.

दादा, पण नक्की आकडा सांगा ना. किती यंत्रं पुरे?

आकडा मागणाऱ्यांना मी एक जुनं उदाहरण देतो. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची एक तबकडी केली. त्यामागे मुख्य यंत्रं रोलंडची तीन: जुपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. चाल, खर्ज, ठेका. तेव्हा ती फारशी चालली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण पुढे ॲसिड हाउस म्हणून जो आवाज गाजला तो त्यांना त्यात ऐकू आला. त्या माणसाची रागांवरची पकड बाजूला काढली तर त्याच तीन यंत्रांतून काय निघालं असतं, हा प्रश्न मी स्वतःला अधूनमधून विचारतो आणि गप्प बसतो.

बाकी तीन हा काही पवित्र आकडा नाही. दोन हातांनी वाजवताना, मान न वळवता, ज्या गोष्टी चालू आहेत त्या सगळ्या लक्षात राहिल्या पाहिजेत. माझ्या डोक्यात तीन मावतात. एका मित्राच्या डोक्यात पाच मावतात, पण तो बुद्धिबळही चांगलं खेळतो.

सगळी यंत्रं एका लयीत का राहत नाहीत?

कारण बहुतेक वेळा घड्याळं दोन झालेली असतात. मालक एकच हवा. एका यंत्रात ‘क्लॉक सेंड’ चालू, बाकी सगळ्यांत ‘क्लॉक रिसीव्ह’. दोघं सेंडवर असतील तर एका घरात दोन सासवा.

मिडी १९८३ पासून जवळपास तसंच आहे. एका केबलमधून १६ चॅनेल जातात, त्यामुळे प्रत्येक यंत्राला वेगळी केबल लागते हा गैरसमज काढून टाका. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक स्वर सुरू करण्याचा संदेश तीन बाइटचा, तो जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. दहा स्वर एकदम दाबले तर शेवटचा पहिल्याच्या सहा-नऊ मिलिसेकंद मागून पोचतो. एकट्याला ते कळत नाही. त्याच केबलवरून चार यंत्रांचे स्वर, वर घड्याळ आणि त्यात कुणीतरी नॉब फिरवतंय अशी गर्दी झाली की ठेका सैल वाटायला लागतो. यंत्रं कमी केल्यावर माझा ठेका घट्ट झाला. मी त्याचं श्रेय महिनाभर स्वतःच्या रियाझाला देत होतो.

आता गोम. मिडीचं घड्याळ एका मात्रेला २४ टिकटिक पाठवतं. व्होल्कामधली ३.५ मिलिमीटरच्या पिनची सिंक (लय जुळवणारी जोडणी) एका मात्रेला दोनच टिकटिक धरून चालते. म्हणून एखादं यंत्र अचानक दुप्पट पळायला लागलं किंवा निम्म्या चालीनं रांगायला लागलं तर ते बिघडलेलं नसतं. सिंकचा दर जुळत नसतो. सेटिंगमध्ये शोधा, सापडतो.

छोट्या पिनच्या मिडीतही दोन जाती आहेत, टाइप ए आणि टाइप बी. आत दोन तारा उलट जोडलेल्या असतात, एवढाच फरक. २०१८ साली टाइप ए प्रमाण ठरला, पण त्याआधीची यंत्रं बाजारात भरपूर आहेत. आर्टुरियाचं बीटस्टेप प्रो टाइप बीचं, कॉर्गचं टाइप एचं. चुकीची केबल लावली तर जळत काही नाही, फक्त शांतता.

मिक्सर ठेवू का?

चारपेक्षा जास्त आवाज एकदम वाजवत असाल तर ठेवा. नसाल तर आधी तुमच्या ग्रूव्हबॉक्सला ऑडिओ इनपुट आहे का ते बघा. असेल तर मिक्सर बहुधा सवयीनं चालू असतो.

मिक्सरविरुद्धचं माझं कारण खरखरीचं आहे. प्रत्येक यंत्राची स्वतःची बारीक सूं असते. सारख्याच खरखरीची दोन यंत्रं जोडली की ती तीन डेसिबलनं वाढते, चार जोडली की सहा, आठ जोडली की नऊ. वाजत नसलेल्या यंत्राचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर राहिला असेल तर तेही हातभार लावतं. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये दोन स्वरांमधल्या जागेत पावसाळ्यात गोदावरी वाहावी तसा आवाज आहे. काही जणांना तो आवडला. मी त्यांना खरं कारण सांगितलं नाही.

स्पीकरमधून सतत घूं येतं. यंत्र खराब आहे का?

नव्वद टक्के वेळा नाही. (हा टक्का माझ्या ओळखीतल्या खोल्यांपुरता.)

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तो घूं म्हणजे ५० किंवा १०० हर्ट्झचा खर्ज. सुरांत सांगायचं तर ‘सोल’च्या, म्हणजे पाश्चात्त्य जी स्वराच्या आसपास. दोन यंत्रांना अर्थिंग दोन वाटांनी मिळालं, एक भिंतीतल्या प्लगमधून आणि दुसरं ऑडिओ केबलच्या जाळीतून, की एक वेटोळं तयार होतं आणि त्यात हा खर्ज शिरतो. दिसायला वायरिंगचा गुंता, पण खरा गुंता न दिसणारा.

हे करून बघा. सगळी यंत्रं, स्पीकर आणि लॅपटॉप एकाच भिंतीतल्या एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. मग एकेक ऑडिओ केबल काढत जा. कुठली काढल्यावर घूं थांबतो ते पाहा. ती सापडली की तिथे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर (ऑडिओ केबलमधली अर्थिंगची वाट तोडणारा डबा) लावा. लॅपटॉप चार्जिंगला असतानाच बारीक चीं येत असेल तर तो यूएसबीचा प्रताप. चार्जर काढून ऐका, लगेच कळेल.

एक गोष्ट करू नका. घूं जावा म्हणून प्लगची वरची जाड पिन काढून टाकणारे कलाकार मी पाहिलेत, मंडपातही आणि घरातही. पिन काढली की घूं जातो, हे खरं आहे. पण त्या पिनेचं काम आवाजाचं नाही. आतली वायर सुटून पत्र्याला लागली तर ती वीज जमिनीत जाण्याची वाट तीच, आणि ती काढली की वाट तुमच्या हातातून जाते. आमच्या कारखान्यात असं कुणी केलं तर त्या दिवशी घरी पाठवतात.

इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर दिवे गेल्यावर वेगळाच कर्कश भुंगा सुरू होतो. त्यावर इलाज म्हणजे साइन वेव्हचा इन्व्हर्टर. नाहीतर दिवे येईपर्यंत पेटी वाजवा.

अडॅप्टरचं काय करू? एक डबाभर झालेत.

यंत्रं कमी करण्याचा पहिला फायदा मला टेबलाखाली मिळाला. अकरा यंत्रांचे नऊ अडॅप्टर होते, प्रत्येक शेजारच्या दोन सॉकेटवर पोट टेकून बसलेला. आता तीन: १२ व्होल्ट, ९ व्होल्ट आणि यूएसबीचा ५ व्होल्ट.

नऊ व्होल्टचा प्रत्येक अडॅप्टर सारखा नसतो, हे मी किंमत मोजून शिकलोय. गिटारच्या पेडलना बहुतेक वेळा मधली पिन ऋण लागते. कॉर्गच्या व्होल्काला मधली पिन धन. काही छोट्या सिंथमध्ये तर पिनेचा आकारही पेडलसारखाच, आत बसतेही गुळगुळीत. मी एका रात्री घाईत पेडलचा अडॅप्टर एका छोट्या सिंथला लावला. ‘टप्’ असा अगदी नम्र आवाज आला. वास पाच सेकंदांनी आला, थोडा जळक्या चिंचोक्यासारखा. आई दुसऱ्या खोलीतून म्हणाली, “अरे, गॅस बंद केलास का?” तो सिंथ त्यानंतर बोलला नाही. दोष कंपनीचा नाही, दुकानाचा नाही, सरळ माझा.

तेव्हापासून प्रत्येक अडॅप्टरवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करनं यंत्राचं नाव, व्होल्ट आणि मधल्या पिनेचं चिन्ह. आमच्या पॅनेलमध्ये प्रत्येक वायरीला नंबराचं फेरूल (छोटी नळी) असतं. घरी मला हे सुचायला एक यंत्र जावं लागलं.

यंत्र चालू आहे, दिवे लागतात, पण मिक्सरमध्ये आवाज येत नाही किंवा फार बारीक येतो. विकून टाकू?

थांबा. मी व्होल्का याच कारणानं विकायला काढला होता. गिऱ्हाईक दारात आलं, त्यानं स्वतःचे इअरफोन लावले आणि म्हणाला, “भाऊ, मस्त वाजतंय की!”

केबल दोषी होती. व्होल्काच्या हेडफोनच्या भोकातून डाव्या आणि उजव्या कानाला एकच आवाज निघतो. मी दोन काळ्या रेघांची स्टिरिओ पिन सरळ मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसली होती. बॅलन्स्ड इनपुटचं काम असतं दोन तारांतला फरक मोजायचा. दोन्हींत एकच आवाज, तर फरक शून्य. मिक्सर बिचारा इमानदारीत वजाबाकी करत होता. एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वाय केबल आणली आणि प्रश्न मिटला. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं. थोडं नाराज झालं, चहा पाजला.

मॉड्युलर घेतलंय. तेही कमी करायचं?

युरोरॅक हा सुट्या मॉड्युलचा, केबलनं जोडत जायचा सिंथ. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मॉड्युल मिळतं, मग ते बसवायची पेटी, मग पॉवर सप्लाय, मग पॅच केबल, मग रिकामी जागा दिसते म्हणून आणखी एक मॉड्युल. रुंदी एचपीत मोजतात, एक एचपी ५.०८ मिलिमीटर. माझा एवढाच नियम: पेटी मोठी घ्यायची नाही. पेटी छोटी असली की नवीन आत यायला जुनं बाहेर जावं लागतं.

काढताना-घालताना मॉड्युलला वीज देणाऱ्या पट्टीच्या केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला आहे ना, ते दोनदा बघा. वरची चिंचोक्याची गोष्ट आठवा.

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि ऑक्टापॅड वाजवतो. हे सगळं मला लागू आहे का?

अर्धंच. तुमचं पोट सुपारीवर आहे. लग्नाच्या सुपारीत कोण कधी कुठलं गाणं सांगेल याचा नेम नाही, तेव्हा हजार टोन असलेला कीबोर्ड तुमच्यासाठी चैन नाही, तयारी आहे. ऑक्टापॅडला तर हात लावू नका. आठ पॅड, दोन काठ्या आणि समोर नाचणारी वरात, याला पर्याय माझ्या कुठल्याच यंत्रात नाही.

तुमच्याकडे पसारा असतो तो दुसरीकडे: ‘कधीतरी लागेल’ म्हणून गाडीत टाकलेला दुसरा कीबोर्ड, तिसरा स्टँड, तुटक्या लीडची पिशवी. एका सीझनभर प्रत्येक कार्यक्रमानंतर काय उघडलंच नाही ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

आणि तुमच्याकडे जे आहे त्याचा मला हेवा वाटतो. गणपतीच्या आधी महिनाभर शहरात ढोल पथकांचे सराव चालतात. नाशिक ढोल ज्या माणसाच्या गल्लीत वाजतो त्यानं परदेशी ढोलाचे सॅम्पल पॅक विकत घ्यावेत, हे मला पटत नाही. रेकॉर्ड करताना मोबाइलवर भिस्त ठेवू नका. पहिल्या ठोक्याला तो घाबरून आवाज दाबतो आणि पुढचे चार ठोके उशीखालून आल्यासारखे येतात. लेव्हल हातानं कमी करता येईल असा साधा रेकॉर्डर न्या, पथकापासून पंधरा-वीस पावलं लांब उभे राहा आणि पथकप्रमुखांना आधी विचारा. एकट्या ढोलाचे टिपरूचे चार आणि हाताचे चार ठोके सुटे वाजवून मागा. ताशा वेगळा. हे आठ-दहा ठोके माझ्या डिजिटॅक्टमध्ये दीड वर्षापासून आहेत. त्यातला एक सात सुरांनी खाली उतरवला की खर्जाचं वेगळं यंत्र लागत नाही. एक सिंथ मी याच ठोक्याच्या भरवशावर विकला.

लॅपटॉपमध्ये सगळं होतं. मग ही तीन तरी कशाला?

होतं. ज्याला लॅपटॉपवर सुचतं त्यानं खरंच तीनही विकावीत. मी दिवसभर स्क्रीनसमोर असतो, रात्री पुन्हा तीच बघितली की मला मेल तपासावेसे वाटतात.

रात्रीच वेळ मिळतो. स्पीकर की हेडफोन?

हेडफोन. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खर्ज भिंतीतून जातो. शेजारच्या काकूंनी मला एकदा जिन्यात विचारलं, “काय रे, तुमच्याकडे रात्री मिक्सर कसला चालतो?” त्यांना वाटण्याचा मिक्सर म्हणायचा होता. मी हो म्हणालो. आता स्पीकर रविवारी दुपारीच.

विकण्याआधी काय करायचं?

पॅच वाचवा. जुन्या सिंथमध्ये तुम्ही बनवलेले आवाज सिसेक्स नावाच्या संदेशातून मिडीनेच संगणकावर उतरवता येतात. ग्रूव्हबॉक्स असेल तर कंपनीचं ट्रान्सफर सॉफ्टवेअर असतं. शिवाय जे आवाज मनापासून आवडतात ते एकेक स्वर करून रेकॉर्ड करा. मी एका सिंथचे नऊ आवाज असे ठेवले. दोन वर्षांत त्यातले दोनच वापरलेत.

मग मागचं झाकण उघडा. आतल्या सेलला पांढरट-हिरवट बुरशीसारखं काही आलं असेल तर ती बुरशी नव्हे, गळती आहे. साध्या अल्कलाइन सेलची असेल तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब घेऊन पट्टी पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या. नॉब खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवा. दाराच्या बिजागरीला मारतो तो स्प्रे नको.

सगळ्यात शेवटी फॅक्टरी रीसेट. माझ्या एका यंत्रात मागच्या मालकाची अर्धवट गाणी तशीच होती. ऐकली. माझ्यापेक्षा बरी होती.

कुठे आणि किती किमतीला विकू?

पहिल्यांदा ओळखीत. नाशिकमध्ये असली यंत्रं घेणारे थोडे, पण ते एकमेकांना ओळखतात. नंतर ओएलएक्स आणि फेसबुकवरचे ग्रुप. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक जास्त देतं, पण कुरिअरची जबाबदारी तुमच्यावर येते. मूळ खोकं ठेवलं असेल तर तीच तुमची कमाई. मी दोन यंत्रं पाठपिशवीत घालून पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला नेऊन हातोहात दिली. तिकिटाचे पैसे गेले, पण वाटेत यंत्र मेलं की आधीच मेलं होतं, हा वाद झाला नाही.

किंमत ठरवताना आपण काय मोजले ते विसरा. तेच यंत्र आज जुन्यात कितीला निघतंय ते बघा, तिथून घासाघिशीला थोडी जागा ठेवा. जपानहून आणलेलं १०० व्होल्टचं यंत्र असेल तर ते आधीच ठळक सांगा. सरळ आपल्या प्लगात घातलं तर घेणारा संध्याकाळीच फोन करेल.

विकायला मन होत नाही. माळ्यावर ठेवलं तर?

एका पावसाळ्यापुरतं ठेवा. सेल काढून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. त्र्यंबकच्या बाजूनं पाऊस लागला की आमच्या माळ्यावरच्या पापडांनाही ओल येते, मग रबरी बटणांखालच्या कार्बनच्या टिकल्यांना का येऊ नये? पट्ट्या अर्धवट वाजायला लागतात त्या यामुळेच. गणपती आले तरी तो डबा उघडावासा वाटला नाही, तर उत्तर मिळालं. चालू ठेवायचं यंत्र महिन्यातून एकदा तासभर चालू करा.

घरचे काय म्हणाले?

सगळं पलंगावर होतं तेव्हा आई काही बोलली नाही. सात यंत्रं गेल्यावर रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, “बरं झालं. आता तिथे कपाट बसेल.” कपाट आलं. मी यंत्रांचे पैसे त्यात घातले, त्यामुळे पुढचे सहा महिने घरात माझं वजन होतं.

पस्तावा झाला का?

एकाचा. एक छोटा दोन सेलवर चालणारा, कॅल्क्युलेटरसारखा दिसणारा पॉकेट ऑपरेटर विकला. त्यावर मी गंभीर असं काही केलं नव्हतं, म्हणून चादरीच्या परीक्षेत तो नापास झाला. पण तो कंपनीच्या बसमध्ये वाजायचा. अंबडला जाताना-येताना रोज पाऊण तास. परीक्षा टेबलावर घेतली, आणि तो टेबलावरचा नव्हताच. बाकीची कुठे आहेत हेही आता आठवत नाही. महागड्याचाही पस्तावा नाही.

नवीन मशीन आलंय, त्यात तुमची तिन्ही एकत्र आहेत म्हणे. घेणार का?

व्हिडिओ बघितला. दोनदा. विकत घेण्याआधी मी हल्ली एक करतो: त्याचं माहितीपुस्तक उतरवून घेतो आणि आठवडाभर रोज रात्री वाचतो. चौथ्या रात्री झोप लागली, पान ३७ वर. तरीही शनिवारी एकाकडे ते बघायला जाणार आहे, फक्त बघायला. कपाटावरची जागा मोजून ठेवलीय, ४२ सेंटिमीटर.